वहिनीला सुचवलेला खेळ

माझी नात परवा म्हणाली, "आजी, हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळून बघ. यात मारामारी नाही, गुण नाहीत, नुसती गोष्ट आहे. पुढं काय करायचं ते तू ठरवायचं." मी म्हटलं, "बयो, असला खेळ मी तुझी आई जन्मायच्या आधी सोलापुरात काढला होता, तोही विजेवाचून." तिला ती थाप वाटली. थाप नव्हे, खरी गोष्ट आहे.

सत्तरच्या दशकातली. भावाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. वहिनी अक्कलकोटकडच्या खेड्यातली, मॅट्रिक झालेली, आणि मूग गिळून बसलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं स्वयंपाकघर आल्या दिवसापासून तिच्याकडं. मी कॉलेजात, जिभेला हाड नसलेली. घरात चौथे अण्णा, म्हणजे आमचे वडील. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर अख्खी नोकरी काढून नुकतेच निवृत्त झालेले, आणि अजून सगळ्यांशी त्या जाळीमागूनच बोलायचे.

दुपारी मला करमायचं नाही. ऊन असं की अंगणात पाऊल ठेवायची सोय नाही. मग वहिनीला खेळायला बसवायचं माझ्या डोक्यात आलं. आधी सागरगोटे काढले. ती म्हणाली, "लहान पोरींचं हाय की हे." सारीपाट मांडला, तर माझी सोंगटी मारायची वेळ आली की ही दुसरीच सोंगटी हलवायची. बदाम सात तर विचारूच नका. हातातली सत्ती दाबून ठेवून दुसऱ्याला अडवायचं, यातच त्या खेळाची सगळी मजा. ही सत्ती आली रे आली की टाकून मोकळी.

"अगं, अडव की मला!" मी ओरडले.

"नगं वन्सं. खेळात कुनाला तरी हरवायला लागतंय. मला न्हाय जमायचं ते."

मी पत्ते भिंतीवर भिरकावले. तिनंच ते गोळा केले, बावन्न मोजून डबीत ठेवले.

दोन दिवस मी धुसफुसले, आणि तिसऱ्या दिवशी हा खेळ सुचला. म्हटलं, "यात कुणी हरत नाही. मी गोष्ट सांगते. त्यातली मुलगी म्हणजे तू. मी थांबले की पुढं काय करायचं ते तू सांगायचं." आणि सुरू केलं : एक मुलगी विहिरीच्या काठावर बसलीय. एक वाट रानात जाते, एक गावात. आता?

"तुमी म्हनाल तसं."

"मी काहीही म्हणणार नाही. तू सांगेपर्यंत ती उठणार नाही."

बाईसाहेब गप्प. मीही हट्टाला पेटले. ती पोरगी त्या विहिरीवर तीन दिवस बसून होती! चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता वहिनी आपणहून म्हणाली, "वन्सं, ती उपाशी असंल की हो. उठवा तिला."

"तूच उठव."

"मग गावात जाऊ दे. पर आधी पानी पिऊन."

पाणी प्यायचं मी ठेवलेलंच नव्हतं! तिनं ते स्वतः घातलं. मला इतका आनंद झाला की मी तिला तिच्या पिठाच्या हातांसकट मिठी मारली. त्यानंतर रोज दुपारी खेळ. मी दोन वाटा ठेवाव्यात आणि तिनं तिसरीच काढावी. मी चिडायचे, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

अशात पत्र आलं. बार्शीला डी.एड.ला तिला जागा मिळाली होती. दोन वर्षं, वसतिगृहात राहून. आठ दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. फॉर्म भावानंच भरला होता, पण अण्णांसमोर त्याचं मांजर व्हायचं. "अण्णा हो म्हणाले तर जा," म्हणाला आणि सायकल काढून ऑफिसला पळाला. वहिनीनं ते पत्र चार वेळा वाचलं. मास्तरीण व्हायचं ती शाळेत असल्यापासून मनात धरून होती, हे मला त्या दिवशी कळलं.

आता विचारायचं कुणी? आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलायची नाही. अण्णा तीन हातांवर बसलेले असले तरी ती मला म्हणायची, "वन्सं, मामंजींना सांगा, पान वाढलंय." आणि अण्णा मला म्हणायचे, "तिला म्हणावं, आलो." वर्षभर मी ही हमाली केली होती. तेव्हा साहजिकच वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी इचारा."

मी विचारलं, आणि घोळ केला. विचारायचं सोडून भांडले. बायकांनी काय चुलीपाशीच मरायचं का, इथपासून सुरुवात. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला जायचंय, की तुला तिला पाठवायचंय?"

"तिलाच."

"मला तर तुझाच आवाज ऐकू येतोय. तुझ्या शब्दावर मी सून दोन वर्षं परगावी पाठवू? उद्या तिथं रडत बसली तर?"

"मग तिला विचारा ना!"

"ती कधी बोललीय माझ्याशी?"

झालं! ज्यानं त्यानं रीत पाळायची आणि मधल्यामधे जागा जायची. सहा दिवस असेच गेले. वहिनी कामं करत होती, पण जेवत नव्हती धड.

सातव्या दिवशी दुपारी मीच तिला खेळायला बसवलं. ती नको म्हणत होती. अण्णा पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होते, दार उघडं. मी म्हटलं, "मुलगी सोलापूर स्टेशनावर आली. गाडीत बसली, आणि दोन तासांत बार्शीला उतरली."

"कुठली गाडी गं ही?" पुढच्या खोलीतून आवाज आला. "थेट बार्शी? कुर्डुवाडीला उतरून छोटी गाडी धरावी लागते. उगाच काहीतरी शिकवू नकोस तिला."

मी वैतागले होते. "मग तुम्हीच बसा की खिडकीवर! मुलगी तिकीट मागतेय."

मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण पंचवीस-तीस वर्षांची सवय. खुर्ची करकरली, आणि अण्णा खिडकीवरच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाले, "बोला. कुठं जायचं?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या जिभेवर उत्तर होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ती दातांखाली धरली. वहिनीनं पदर कपाळावर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "बार्शी."

"एकट्याच?"

"व्हय."

"तिथं रडू आलं तर?"

"रडंन. आन् पुन्यांदा अभ्यासाला बसंन."

"घरी विचारलं का?"

वहिनी उठली. दारापर्यंत गेली, चौकटीला धरून उभी राहिली.

"तेच इचारतेय, मामंजी."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसला. मग मला नाही, तिला म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं निघू. कुर्डुवाडीपर्यंत मी येतो. छोट्या गाडीत तुझी तू बसायचं. जमेल?"

"जमंल."

"पत्र बरोबर घे. आणि दोन वेळची भाकरी."

मला हुंदका फुटला. नाक पुसत मी मधेच म्हणाले, "अण्णा, मी पण येते ना कुर्डुवाडीला! आणि वहिनी, तू काय कर—"

"तू जरा गप्प बस," अण्णा म्हणाले. "आम्ही बोलतोय."