चार घरं

कुणी सहज 'चार' म्हणालं, की मी अजूनही दचकतो. चार दिवस राहून जा, चार घास खाऊन घ्या, चारचौघांत असं बोलू नये. आपल्याकडे हा शब्द दिवसभर तोंडात असतो आणि म्हणताना कुणी मोजत नाही. मी एकदा मोजला. बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नाही. तिची समजूत अशी, की मला आकड्यांचा कंटाळा आला म्हणून मी ते काम सोडलं. तिला तसं वाटू दिलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी पुण्यात अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली होतो. नोकरी कच्ची, सहा-सहा महिन्यांनी पुढे ढकललेली. सरांच्या डोक्यात एक नवी गोष्ट घोळत होती. गावाची सरासरी काढून गाव कळत नाही, असं ते म्हणत. त्यापेक्षा कॉम्प्युटरमध्ये एकेक घर वेगळं मांडायचं, प्रत्येक घराला वागण्याचा एक नियम द्यायचा आणि मग बघत बसायचं. शेजारची अमुक इतकी घरं गाव सोडून गेली, की हेही जाणार, असा तो नियम. एक घर हललं की त्याच्या शेजारची घरं आपापला नियम तपासणार, त्यातलं एखादं हललं की त्याच्या शेजारची. शेवटी गाव राहतं की उठतं, ते आपोआप दिसणार. आमच्या माहितीत तेव्हा इकडे हे कुणी करत नव्हतं. कॉम्प्युटर होता मुंबईला. आम्ही पुण्यात कार्डांना भोकं पाडायची, पेटीत भरून ती पाठवायची आणि निकालाची वाट बघायची.

नियम मात्र दारोदार जाऊन विचारायला हवा होता. त्यासाठी मला नगर जिल्ह्यात, खर्ड्याच्या पलीकडच्या एका वाडीत धाडलं. मी नगरचाच, कारकुनाचा मुलगा. भाषा कळते म्हणून मला निवडलं होतं.

वाडीत मी एका शेतकरी जोडप्याकडे उतरलो. नवऱ्याला मी दादा म्हणायचो. तो दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. त्याची बायको वयानं माझ्याहून लहानच असेल, पण ती वहिनी. ओसरीवर बाजेवर तिचा सासरा पडलेला असायचा. अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू लुळी, जीभ मात्र शाबूत.

मी ओसरीवर कोळशानं चौकटी आखून घरांच्या जागी चिंचोके मांडायचो आणि नियम कसा चालेल ते हातानं खेळून बघायचो. म्हातारबा बाजेवरून मान वळवून बघायचे.

"पुन्याचं शिक्षान लई भारी हाय गं," ते सुनेला म्हणाले. "चिंचोके खेळायचा पगार देत्यात."

"तुमी गप पडा बरं. भाऊजींचं काम चाललंय."

"आरं मास्तर, माजं घर कंचं त्यातलं?"

मी विहिरीजवळचा चिंचोका दाखवला.

"उठलं का?"

"नाही बाबा."

"मग झालं! मी बी उठत न्हाई आन् घर बी उठत न्हाई." हसताना त्यांच्या तोंडातून लाळ गळायची. वहिनी पदरानं पुसायची आणि स्वतःही हसायची.

प्रत्येक दारात माझा प्रश्न एकच होता. शेजारची किती घरं गेली, तर तुम्ही जाल?

"आता चार घरं उठली तर आमी तरी हितं काय करावं?"

"चार घरं जात्याल तसं जायाचं."

"चार लोकं करत्याल त्येच की आमचं."

मी सगळीकडे ४ लिहिलं. लिहिताना पेन अडखळलं, हे आज कबूल करतो. निघताना आईनं 'चार कपडे जास्त घे' म्हटलं होतं, तेव्हा मी काही चार मोजून घेतले नव्हते. वहिनीनं 'चार दिस ऱ्हावा' म्हटलं आणि मी महिनाभर राहिलो होतो. या दारांतून मला 'थोडी घरं गेली की', 'लोक गेले की' असं सांगत होते. कुणाचं थोडं म्हणजे दोन, कुणाचं एकच. पण कागदावर आकड्यासाठी चौकोन होता आणि चौकोनात शब्द मावत नव्हता.

पुण्याला सर कागद चाळता चाळता उभेच राहिले.

"सगळ्यांचं चार? काय सुंदर आहे हे! एवढी एकवाक्यता!"

सरही मराठीच. पण त्यांच्यापुढे माणसांची वाक्यं आली नव्हती, नुसते आकडे आले होते. वाक्यं माझ्याकडे होती.

"सर, चार म्हणजे..."

"म्हणजे काय?"

माझ्या नोकरीची मुदत त्या महिन्यात संपत होती. "म्हणजे चारच, सर," मी म्हणालो.

कार्डं मुंबईला गेली. दुपारी खोलीवर येऊन मी चिंचोके काढले आणि चारच्या जागी दोन धरून खेळून बघितलं. वरच्या आळीच्या टोकाची दोन घरं उचलली. त्यांना लागून असलेलं एक उठलं, मग त्याच्या खालचं, मग पलीकडचं. कुठेतरी हे थांबेल म्हणून मी बघत होतो. नियम थांबू देईना. विहिरीजवळचा चिंचोका मी शेवटपर्यंत ठेवला, पण त्यालाही नियम लागू होता. शेवटी फरशीवर नुसत्या चौकटी उरल्या आणि माझ्या मुठीत अख्खी वाडी. मी चिंचोके कागदात गुंडाळले आणि खाटेखाली सारले. पुढे कितीतरी दिवस त्या खाटेवर झोपायला मला नको वाटायचं.

मुंबईहून चारचा निकाल आला. टोकाची थोडी घरं जातील, वाडी राहील.

तो घेऊन वाडीत गेलो, तेव्हा विहीर तळाला गेली होती. वरच्या आळीत बैलगाड्या भरणं चाललं होतं. बेलापूरकडे पाटाचं पाणी आहे, तिकडे चालले होते. दादाचे चुलतेही निघाले होते. वहिनीचा भाऊ तिकडचाच, पुणतांब्याचा. चुलत्यांच्या गाडीत बाबांना बाजेसकट घालून या, असा त्याचा निरोप होता. बाबांसाठी गाडीत वाकळ टाकून झाली होती. वहिनीनं मला विहिरीच्या आडोशाला बोलावलं.

"भाऊजी, तुमच्या यंत्रानं काय काढलं? वाडी ऱ्हाती का?"

मी खिशातला निकालाचा कागद चाचपला.

"बाबांस्नी गाडीत घालायचं म्हंजी येवढं ऊन, येवढे हिसके, जिवाला धोकाच. पर समदी गेली तर मी एकली हितं काय करू? ह्ये दिसभर कामावर. तुमी सांगाल तसं करतो आमी."

खोलीवरचा रिकामा पट माझ्या डोळ्यांसमोर होता. तो सांगितला असता, तर आकडा चुकला हे आलं असतं, आणि तो लिहिणारा मी. सरांपर्यंत ते गेलं असतं. शिवाय तिचा चेहरा असा होता, की तिला हवं ते उत्तर देणं फार सोपं होतं.

"वाडी राहते, वहिनी. टोकाची जातील तेवढीच."

चुलते गाडीला बैल जुंपत होते. त्यांनी ऐकलं. "मास्तर, तुमच्या यंत्राला तहान लागती का वो?" ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर मोठ्यानं हसले. वहिनी हसली नाही. तिनं गाडीत टाकलेली वाकळ काढून घेतली, झटकली आणि घरात नेली.

वैशाखात सरांनी मला पुन्हा पाठवलं, निकाल जुळतो का ते बघायला. सकाळी खर्ड्याहून चालत निघालो. वाडीत शिरताना कुत्रंही भुंकलं नाही. टोकाच्या घराच्या दारापुढे बाभळीच्या काट्या ओढलेल्या होत्या, परत येईपर्यंत कुणी शिरू नये म्हणून. त्याच्या शेजारच्या दारापुढेही काट्या. मग त्याच्या खालच्या. पुढच्या काट्या कुठल्या दाराला असतील, हे मला आधीच कळत होतं, आणि वळलो की त्या तिथेच दिसायच्या. खोलीवर ज्या ओळीनं मी चिंचोके उचलले होते, तीच ओळ. मोठ्यानं हाक मारावीशी वाटली. मारली नाही. कुणी ओ दिली नसती तर?

विहिरीजवळच्या दाराला मात्र काट्या नव्हत्या.

"आलात व्हय भाऊजी?" वहिनी म्हणाली. एवढंच. म्हातारबा तापानं फणफणले होते. "कालपास्नं आसंच हाय. ह्ये कामावर. बाबांपाशी बसवून जावं तर मानूस न्हाई, न्हाईतर मीच खर्ड्याला जाऊन दवा आनली आसती."

म्हातारबांनी डोळे किलकिले केले. "मास्तर, आता सोप्पं झालं बग तुजं. येकच चिंचोका मांडायचा."

मी आल्या पावली खर्ड्याला पळालो. गोळ्या घेऊन परतलो, तेव्हा वहिनी बाजेच्या पायथ्याशी बसली होती आणि म्हातारबांचं तोंड तिनं पदरानं शेवटचं पुसून झाकलं होतं.

दादाला कामावरून आणलं. वाडीत देवाला दिवा लावायला म्हणून गुरव आणि त्याचा थोरला मुलगा मागे राहिले होते; दिवसभर ते पोटासाठी बाहेर हिंडायचे आणि दिवस कलताना परतायचे. त्यांनी तिरडी बांधली. दादानं विस्तवाचं मडकं धरलं. मग सगळे घोटाळले. मी मोजलं. गुरव, त्याचा मुलगा, मी. पुन्हा मोजलं. इथे मात्र चार म्हणजे चारच लागत होते.

दादा मडकं खाली ठेवायला वाकला. गुरव म्हणाला, "लेकानं म्होरं चालायचं. मडकं खाली ठिवू न्हाई."

वहिनीनं पदर कमरेला खोचला आणि मागच्या बांबूपाशी येऊन उभी राहिली.

"सूनबाई, बाईमानसानं खांदा द्यायचा? चार लोकं काय म्हनतील?"

"कंची चार लोकं?" तिनं आळीकडे हात केला. काट्या, काट्या, काट्या. "दावा की मला."

गुरव पुढच्या बांबूपाशी गेला. आम्ही उचललं. ती आणि मी मागे होतो. तिची उंची कमी, तिरडी तिच्याकडे कलायची, म्हणून मी गुडघे वाकवून चालत होतो. ओढ्याकडे वळताना, मान न वळवता, ती हळूच म्हणाली, "भाऊजी, वाडी ऱ्हाती म्हनून यंत्राला कुनी सांगितलं हुतं?"

"यंत्राचा हिशोब असतो, वहिनी," मी म्हणालो.

यंत्राला मी सांगितलं होतं. ते मी आज इथे लिहितो आहे. त्या दिवशी तिच्या-माझ्यात फक्त एका माणसाचं अंतर होतं, तेही मेलेल्या, आणि तरी ते माझ्या तोंडून निघालं नाही. ओढा लांब होता. खांदा बदलायला कुणी नव्हतं.