नकाशावरची लाल रेघ

जळगावात शहर बससाठी मुख्य मार्ग कुठून न्यायचे, याचा पहिला आराखडा करायचं काम आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा साहेब म्हणाले, "तुझंच गाव आहे, तूच कर." मी खुशीत जळगावला घरी आले. ती खुशी आठवडाभरही टिकली नाही.

हाताशी माहिती काय, तर जुनी जनगणना आणि रस्त्यांवरच्या वाहनांची एक मोजणी. ती मोजणी दिवाळीच्या सुटीत केलेली! कॉलेजं बंद, मुलं गावी. कागदावर बघावं तर शेजारच्या असोदा गावाहून शहरात शिकायला कोणी येतच नाही. शेअर रिक्षांना तिकीट नाही, म्हणून त्यातून कोंबून जाणाऱ्या माणसांची नोंदच नाही.

मी साहेबांना फोन केला. "पुन्हा मोजावं लागेल."

"वेळ नाही. आहे त्यावर रेघ ओढ."

मग मी स्वतःच असोदा रस्त्याला उभी राहून रिक्षांमधली डोकी मोजू लागले. शेजारच्या टपरीवरची बाई बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलंच, "काय मोजू राह्यली व बाई? टपऱ्या उठवता का आमच्या?" बससाठी मोजते म्हटलं, तर तिने मान फिरवली. त्यानंतर ज्याला विचारावं तो म्हणे, मला काही माहीत नाही.

शेवटी मी दोन रेघा काढल्या. नशिराबादकडची ठळक, कारण हायवेची थोडी तरी माहिती होती. असोद्याची तुटक, आणि शेजारी लिहिलं: केवळ अंदाज. साहेब म्हणाले, "तुटक रेघ मीटिंगमध्ये कच्ची वाटते." मीटिंगमध्ये पडद्यावर नकाशा आला, तेव्हा असोद्याची रेघ जाड, लाल आणि अखंड होती. 'केवळ अंदाज' हे शब्द गायब. मी उठून सांगितलं, की हे अजून नक्की नाही. समोरचे अधिकारी हसून म्हणाले, "मॅडम, काहीतरी नक्की करावंच लागतं ना." तोवर कोणीतरी मोबाईलवर फोटो काढलासुद्धा.

दोनच दिवसांत असोद्याहून मामांचा फोन. त्यांची केळीची बाग रस्त्याला लागून आहे. "आपलं वावर जाणार म्हणे. आणि नकाशा तू काढला?"

मी तडक असोद्याला गेले. ओट्यावर बसून कागद पसरला, तुटक रेघ म्हणजे काय ते समजावलं. बस आहे त्याच रस्त्याने जाईल, जमीन कोणाची घ्यायचीच नाही, हेही तीनतीनदा सांगितलं. मामांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तुला सांगतात तेवढंच तू सांगशील, बेटा." मामी चहा घेऊन आली, तीही माझ्याकडे बघेना.

पुण्याला जाऊन मी साहेबांशी कडाकडा भांडले. कॉलेजं सुरू असताना पुन्हा मोजणी करायची परवानगी मिळाली. ती केली, माणसं भरपूर निघाली, पण मार्ग अजून मंजूर नव्हता, म्हणून नव्या नकाशात असोद्याची रेघ पुन्हा तुटक झाली. पण त्या नकाशाचा फोटो कोणीच काढला नाही. गावभर अजून जुनाच फिरतोय.

मामांनी यंदा रस्त्याकडच्या पट्टीत केळी लावलीच नाही. "उगाच कशाला," एवढंच म्हणाले, आणि मामीला मला जेवायला वाढायला सांगितलं.