लॅबची जुनी केबल

रुग्णालयात सगळे त्याला ओळंबा म्हणत. खोटं छत उघडलं की त्याच्या केबली एका रेषेत दिसायच्या: लॅबची वेगळी, हिशेबाची वेगळी. जोडीला साडू, वयाने लहान. दोघेही कंत्राटावर. नवं काम संपलं की एकालाच कायम करणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे घरी तो विषय कुणी काढत नव्हतं.

नव्या कामात दोन मजल्यांमध्ये सगळ्यांना मिळून एकच केबल होती आणि तिच्या दोन्ही टोकांना स्विच, म्हणजे केबली जोडायची पेटी. नेटवर्कच्या मॅडमनी समजावलं, "प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या एकेका पाकिटात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यामागे, स्विच एक क्रमांक घालतो. हा लॅबचा, हा हिशेबाचा. पलीकडचा स्विच तो वाचतो, काढून टाकतो आणि ज्याचं त्याला देतो."

"म्हणजे सगळे एकाच ताटात जेवणार," ओळंबा म्हणाला.

"ताटात नाही, साडूभाऊ," साडू म्हणाला. "एका गाडीत. तिकिटं वेगळी."

"तू बस गाडीत. मी आपला पायी बरा."

लॅबची जुनी केबल कापायची होती. ती त्याने गुडघे सोलून घेत ओढली होती. हात धजेना. त्याने ती नव्या स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचली आणि लॅबचं मशीन तिलाच जोडलेलं ठेवलं. केबल वेगळी म्हणजे वाट वेगळी, हे त्याच्या अंगात मुरलेलं. साडू खाली शिडी धरून होता. त्याने मान वर करून ते पोर्ट पाहिलं आणि शिडी धरून राहिला.

दुसऱ्या दिवशी लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. शस्त्रक्रियेसाठी आलेली एक बाई रक्ताचा रिपोर्ट नाही म्हणून दुपारपर्यंत उपाशी पडून राहिली.

मॅडमना ते पोर्ट सापडलं. "याला लॅबचा क्रमांक दिलेलाच नाही. मशीनकडून फ्रेम कोरी येते, तिला पोर्टाचा क्रमांक लागतो. इथे भलताच लागला. केबल कुठली, हे स्विच बघत नाही."

"कुणी लावली?" साहेबांनी विचारलं.

"मी," ओळंबा म्हणाला.

साडू कायम झाला. ओळंब्याने जुनी केबल स्वतःच उतरवली, घाई न करता, एकही छतपट्टी न दुखावता.

"तुला कळलं होतं ना रे, तेव्हाच?"

साडू केबलचं वेटोळं करत राहिला. "शंका आली होती."

"मग?"

"तुमच्या कामात चूक काढायची सवय नाही मला."

ओळंब्याने वेटोळं त्याच्या हातून घेतलं. सैल झालं होतं. उलगडून पुन्हा घट्ट केलं आणि भंगारात ठेवून आला.