टायगरचं खेळणं

मागाखाली सुताची लव साचते, तसे कारखान्यात किस्से साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच. मी चौथी शिकलेला माणूस. पण सोलापुरात बत्तीस वर्षं माग चालवले आणि चालवून घेतले. हे किस्से बहात्तरच्या दुष्काळानंतरचे.

•

मी मुकादम होतो. चालत्या मागात आडवं सूत नेणारा लाकडी धोटा इकडून तिकडे धावून गरम होतो. मी नुसता हात लावून कामचुकार ओळखायचो.

एकदा मैंदर्गीचा शिवप्पा म्हणाला, "सकाळपासनं मागावरनं उठलो न्हाय की मुकादम!"

मी त्याच्या धोट्याला हात लावला. गार! "मग हा झोपला होता व्हय?"

शिवप्पा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

•

टायगर हा राजय्याचा कुत्रा. राजय्या सहाव्या मागावर चादरी विणायचा. त्याला घरदार नव्हतं. तो वारला आणि कुत्रा कारखान्यातच राहिला.

आमची रीत अशी, की मेलेल्याचा धोटा वर्षभर खिळ्याला टांगायचा. कुणी वापरायचा नाही. माग चालू नये म्हणून त्याचा पट्टाही उतरवायचा. तसं केलं.

टायगरनं महिन्यात चार चादरी फाडल्या. मालक भडकले. "शनिवारी येतो. तोवर याचं तोंड कशात तरी गुंतवा, नाहीतर बार्शीच्या ट्रकात टाकून देतो!"

मला कुत्र्यांचा लळा नाही. पण राजय्यानं शेवटी माझा हात धरून एवढंच मागितलं होतं. "टायगरला बघा."

•

शिवप्पानं रबरी चेंडू आणला. टायगरनं तासाभरात त्याचे तुकडे केले आणि दोन गिळायला निघाला. शिवप्पा जबड्यात हात घालून ओरडत होता, "बिडो, बिडो! सोड की!" घाबरला की तो कानडीत शिरायचा.

तुकडे निघाले. शिवप्पाच्या बोटाला इंजेक्शन घ्यावं लागलं.

•

मग शिवप्पाच्या बायकोनं दाबली की चीं करणारी रबरी बाहुली पाठवली. टायगरनं ती चावली नाही. अलगद नेऊन सहाव्या मागाच्या बैठकीवर ठेवली.

दुपारी माग बंद करून आम्ही जेवायला बसलो. टायगर आमच्यासमोर. तिकडून आवाज आला, "चीं!"

"उंदीर असंल," शिवप्पा म्हणाला.

बघायला कुणी उठलं नाही. त्या दिवशी भाकरी उरल्या!

•

शुक्रवारी मी ठरवलं, कुत्र्याला ओळखीचा वास पाहिजे. खिळ्यावरचा धोटा काढला. दोन्ही टोकांचं लोखंड उपटलं, कडा घासल्या, गिळण्यासारखं काही ठेवलं नाही.

"मुकादम, वर्ष सरलं न्हाय," शिवप्पा म्हणाला. "मेलेल्याची वस्तू हाय."

"जित्याला पाहिजे," मी म्हणालो.

टायगरनं धोटा हुंगला, नाकानं सहाव्या मागाखाली ढकलला आणि शेपूट हलवत समोर बसून राहिला.

•

शनिवारी मालक जेवणाच्या सुट्टीत आले. सगळे माग बंद. आम्ही सगळे सहाव्या मागासमोर उभे, टायगर माझ्या पायाशी.

"काय, गुंतलं का तोंड?"

मी उत्तर द्यायच्या आत मागाखालून धोटा सरपटत आला आणि टायगरच्या पंजापाशी थांबला.

"कोण आहे रे आत?" मालक ओरडले.

कुणी नव्हतं. टायगरनं धोटा परत आत ढकलला. तो परत आला.

"राहू दे कुत्रं हितंच," मालक म्हणाले आणि दारात काढलेली चप्पल न घालताच मोटारीत जाऊन बसले.

मी वाकलो. सवयीनं धोट्याला हात लावला.

गरम होता.