चौल ते टोरांटो, व्हाया वडखळ

रेवदंड्याच्या नाक्यावर माझं तिकिटांचं दुकान आहे. तिकिटं काय, आता लोक मोबाइलवरच काढतात. दुकानात साठत जातात ते किस्से, आणि त्यातले निम्मे एकट्या दामूकाकांचे.

दामूकाकांची चौलला नारळ-सुपारीची वाडी. एकुलती एक मुलगी टोरांटोला. तिला दिवस गेलेले, पहिलंच बाळंतपण. तिला माहेरी येणं जमत नव्हतं आणि तिकडे जाऊन सगळं करायला काकी राहिल्या नव्हत्या. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

काका बाजाराला आले की दुकानात डोकावणार. "टोरांटो किती लांब रं?" साडेबारा हजार किलोमीटर, विमान बदलून वीसेक तास, मी सांगायचो. ते मान हलवून निघून जायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न. जणू मधल्या दिवसांत टोरांटो थोडं अलीकडे सरकलं असेल!

*

एकदा त्यांना वेळा दाखवल्या. सकाळी सातला निघायचं, त्याच संध्याकाळी पोचायचं. मग वीस तास गेले कुठं, म्हणून काका माझ्यावरच डाफरले. तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागं आहे, हे सांगितल्यावर मात्र बोटांवर हिशेब करू लागले. रोज दुपारी जेवून ते मुलीला फोन करायचे. म्हणजे तिच्या पहाटे साडेतीनला!

त्या दिवसापासून फोन बंद. चौथ्या दिवशी मुलीचा मलाच फोन आला, बाबा बरे आहेत ना म्हणून. फोन आल्याशिवाय आता तिला झोपच लागत नव्हती.

त्याच आठवड्यात काकांनी तिकीट काढलं.

*

येताना दोन तास कमी का लागतात, हे त्यांना कळेना. मलाही सांगता येईना. बाकावर बसलेला, मासेमारीची होडी चालवणारा आमच्या ओळखीचा तांडेल म्हणाला, "जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. होडीला काय नि इमानाला काय!" काकांना एकदम पटलं. एवढी वर्षं मी तिकिटं विकतोय, मला हे त्या दिवशी कळलं.

*

पावसाळ्यामुळे मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या बोटी बंद, म्हणून विमानतळापर्यंत गाडीनंच जायचं होतं. वीस तासांच्या विमानाचं काकांना काही वाटत नव्हतं, धसका होता तो वाटेतल्या वडखळच्या ट्रॅफिकचा. आदल्या दिवशी सकाळीच मला घेऊन निघाले. रस्ता रिकामा! चेंबूरला त्यांच्या भाचीकडे अख्खा दिवस आम्ही दोघं पत्ते खेळत बसलो.

*

विमानतळावर मीही पास काढून आत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं त्यांची जड पिशवी उघडायला लावली. आत नुसत्या करवंट्या! वाडीतल्या नारळांच्या, घासून स्वच्छ केलेल्या. बाळंतिणीला शेक द्यायला शेगडीत करवंट्याच पेटवायच्या, आणि टोरांटोत त्या मिळणार कुठून? मी तर तोंड लपवलं.

काउंटरवरची ती मुलगी मराठी होती. पेटवायचं सामान नेता येणार नाही, असं तिनं समजुतीनं सांगितलं आणि पिशवी बाजूला ठेवली. मग हसून म्हणाली, "काका, शेकाबिकाचं आईला कळतं. आई नाही चालल्या का?"

काकांनी टोपी सारखी केली.

"चाललीय ना," म्हणाले. "मीच हाय."