हितेंद्रने लावलेला कौल

हितेंद्रला स्वस्थ बसता येत नाही, हे लालबागच्या त्यांच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जेवताना त्याचा गुडघा हलतो, आरती संपायच्या आत हा प्रसादाच्या ताटाशी पोचलेला असतो. आणि अशा माणसाला नोकरी मिळाली ती परळच्या एका हॉस्पिटलात, डायलिसिसच्या यंत्राशेजारी चार-चार तास बसायची. पेशंटचं रक्त आपल्या गतीने फिरतं, त्याला घाई करून चालत नाही. तेवढ्या वेळात हितेंद्रचं डोकं गाव फिरून येतं. त्याने कोकम विकून पाहिलं, विमा विकून पाहिला, गणपतीत मखरं विकून पाहिली. मखरं खपायच्या आधीच त्याला पुढचं काहीतरी सुचलेलं असायचं.

यंदा त्याला परकीय चलनाने झपाटलं. युरो-डॉलरसारखी जोडी हेरायची, सौदा आठवडाभर धरून ठेवायचा आणि भाव चढला की सोडायचा. याला स्विंग ट्रेडिंग म्हणतात, असं त्याने बायकोला समजावलं.

"आठवडाभर धरून ठेवायचं? तुम्ही?" अनुजा म्हणाली.

अनुजा ब्लाउज शिवते. घरातलं मशीन खाली रस्त्यावरच्या गाळ्यात न्यायचं, एवढ्यासाठी तिने डिपॉझिटचे पैसे जमवले होते. हितेंद्रने महिनाभर तिच्यामागे भुणभुण लावली तेव्हा तिने ते दिले, पण एका अटीवर. "आधी थोडेच टाका आणि काढून दाखवा. आत जातात तसे बाहेर येतात का, ते मला बघायचंय."

आता ॲप कुठलं घ्यायचं? इथल्या नोंदणीकृत दलालाचं एक होतं. दिसायला सरकारी कचेरी, रुपयाच्या मोजक्या जोड्या, वर परदेशी चलनाशी तुमचा काय संबंध याची चौकशी. दुसरं बाहेरच्या कुठल्याशा बेटावरचं. त्यात जगातली सगळी चलनं, घातलेल्या पैशाच्या कितीतरी पट सौदा, आणि रोज फोन करून हिंदीत 'सर, सर' करणारा राजेश नावाचा मॅनेजर. रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत या ॲपचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे चालतं, असा हितेंद्रने आपल्या सोयीचा अर्थ काढला. तरी मन ठरेना. दोन्हींवर खोट्या पैशांनी सराव केला, सकाळी हे पुसलं, संध्याकाळी पुन्हा घेतलं. झोपेत अंगठा हलायला लागला.

शेवटी त्याची आई शेवंती वैतागली. "एकदाचो देवाक कौल लाव नि मोकळो हो," ती म्हणाली. गावचा गुरव सीताराम व्हिडिओ कॉलवर आला. मुंबईकरांचे असे कौल हल्ली तो फोन समईला टेकवूनच लावतो. देवाच्या पाषाणावर त्याने दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे.

"उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. इचार," सीताराम म्हणाला.

"तसं नको. उजवी म्हणजे बाहेरचं ॲप, डावी म्हणजे इथलं," हितेंद्र म्हणाला.

सीतारामाने मान हलवली. "देवाक असा इचारूचा नसता रे. ह्यात तू देवाक नाय म्हणूक जागाच ठेवूक नाय."

"धंदा करायचा हे ठरलंय हो. फक्त कुठे ते सांगू दे."

सीतारामाने नाइलाजाने गाऱ्हाणं घातलं आणि पाच मिनिटांत उजवी कळी पडली. शेवंतीने पदर पसरून नमस्कार केला. हितेंद्र तर जिना उतरतानाच पैसे पाठवत होता. राजेश म्हणाला, सगळे एकदम टाकले तर बोनस आहे सर. याने सगळे टाकले. पैसे कुणा तिऱ्हाइताच्या नावावर जात होते, तेही त्याला दिसलं. पण देवाने उजवा दिलाय म्हटल्यावर आणखी काय बघायचं? थोडे काढून दाखवायचं ते नफ्यासकट दाखवू, बायको खूश होईल, असं त्याने मनाशी जुळवलं.

आणि मग नवल घडलं. सौदा पहिल्याच दिवसापासून वर सरकायला लागला आणि हितेंद्र थंडावला. फोन खिशात ठेवून तो पेशंटशी गप्पा मारू लागला. घरी पाटावर मांडी घालून शेवटचा भात होईपर्यंत बसू लागला. "ह्येका काय झाला?" शेवंती सुनेला हळूच विचारायची आणि दोघी हसायच्या. उभ्या जन्मात या माणसाला असं समाधान लाभलं नव्हतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आठवडा उलटल्यावर त्याने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून थोडे पैसे काढायला टाकले. ते आले नाहीत. राजेश म्हणाला, आधी नफ्यावरचा टॅक्स भरा सर, मग सुटतील. हितेंद्रने तो नफ्यातूनच कापायला सांगितला, तर म्हणे नियमात बसत नाही. दुसऱ्या फोनला राजेशचा आवाज चढला, तिसरा लागलाच नाही. ॲपवर मात्र हिरवा आकडा तसाच वाढत होता. कुठे बाजार नव्हता, कुठे सौदा नव्हता. कुणीतरी बसून आकडे चढवत होतं आणि तो इतके दिवस त्यांच्याकडे बघून सुखाने झोपत होता. परळहून लालबागपर्यंत तो चालत आला. बायकोला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होता, एकही धड जुळत नव्हतं.

अनुजा पोळ्या करत होती. त्याने फोनच तिच्यापुढे धरला. तिने पिठाचे हात मागे घेऊन वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला. तिचा चेहरा उजळला.

"एवढे झाले?"

"आज काढायला गेलो होतो मी, अनुजा."

"मग आत्ता कशाला काढताय? वाढतायत ना? माझी अट राहू दे बाजूला." ती पोळी उलटत हसली. "गाळेवाल्याला मी सांगते, दिवाळीपर्यंत थांब म्हणून. तुम्ही इतका धीर धरलात, अजून थोडा धरा."

हितेंद्रने पुढे होऊन गॅस बंद केला आणि तिला खाली बसायला सांगितलं.