सतरा सप्टेंबरची मोकळी ओळ

ओल्या फळ्याला स्वतःचा एक वास असतो. भिजलेल्या खडूचा, जुन्या लाकडाचा आणि रात्रभर उंबऱ्याशी साचलेल्या धुळीचा मिळून झालेला तो वास गेली बारा वर्षे माझ्या सकाळचा पहिला वास आहे. कळंबमधल्या ज्या लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, त्याच्या दाराशेजारी भिंतीवर एक काळा फळा टांगलेला आहे आणि त्यावर रोज त्या दिवसाचा दिनविशेष लिहिला जातो. या तारखेला जगात पूर्वी कधी काय घडले, कोण जन्मले, कोण गेले. भाद्रपदातले कोवळे ऊन तिरपे येऊन फळ्याच्या वरच्या कोपऱ्याला टेकते, बाजार समितीकडे निघालेल्या टेंपोंमधून नव्या उडदा-मुगाचा हिरवट, कोंदट दरवळ रस्ताभर सांडत जातो, आणि एस.टी. स्टँडकडे लगबगीने निघालेली माणसेसुद्धा क्षणभर थबकून फळा वाचतात. कुणा थोराचा मृत्यू वाचून 'अरे रे' म्हणतात आणि पुढच्याच क्षणी भूमची गाडी लागली की काय ते बघायला पळतात.

फळा लिहीत ते पिंजारी गुरुजी. गावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर वेळ कसा घालवायचा म्हणून त्यांनी हे काम मागून घेतले होते, आणि मी इथे रुजू झाले तेव्हा ते गावाच्या सवयीचाच भाग होऊन गेलेले होते. त्यांचे अक्षर असे, की पोरांना शाळेत 'पिंजारी गुरुजींसारखं काढ' एवढेच सांगत. वेलांटी काढताना ते श्वास रोखून धरत आणि अक्षर पुरे झाल्यावर सोडत. त्यांचे नियम दोनच होते, पण ते मोडलेले त्यांना खपत नसे. पहिला, तारीख दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय कुणालाही फळ्यावर घ्यायचे नाही, मग तो कितीही मोठा असो. दुसरा, पुसलेला फळा पूर्ण वाळल्याशिवाय त्याला खडू लावायचा नाही. ओल्यावर लिहिलेले अक्षर फळ्यात मुरते आणि मग दुसऱ्या दिवशी घासून घासूनही जात नाही. मी स्वभावाने उतावळी. फळा वाळेपर्यंत त्यांच्या शेजारी नुसते उभे राहायचे म्हणजे मला शिक्षाच वाटे. गुरुजी मात्र त्या वेळात निवांत रस्ता बघत राहत.

स्वतः गुरुजींना वाढदिवस नव्हता. म्हणजे कागदोपत्री होता, एक जून. शाळेत नाव घालताना ज्यांच्या आईबापांना तारीख सांगता आली नाही त्या सगळ्यांना तेव्हाच्या मास्तरांनी एक जूनचा करून टाकले, हे आमच्या मराठवाड्यात घरोघरचे आहे. "आमची अख्खी गल्ली एक जूनची हाय, मॅडम," ते हसून म्हणत, "त्या दिवशी आमच्या अम्मालोकांचे लई हाल झाले असतील."

मी रुजू झाले त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. निजामाची सत्ता संपून आपला मुलूख भारतात आला तो दिवस, आमच्याकडे दुसरा पंधरा ऑगस्टच. गुरुजींनी फळ्याला रंगीत खडूंची सुंदर चौकट काढली होती, मधोमध तिरंगा होता, घटना होत्या, जन्म होते. फक्त 'मृत्यू' या शब्दाखाली काही नव्हते. शब्द होता, त्याखाली आखलेली ओळ होती, आणि ओळीवर काळा, स्वच्छ, मोकळा फळा. मला वाटले, म्हातारा माणूस, राहून गेले असेल. आणि ती ओळ भरायला माझ्याकडे हक्काचे नाव होते. माझे आजोबा, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, येडशीजवळच्या आमच्या गावातून ऐन तारुण्यात निजामाची सरहद्द ओलांडून बार्शीकडच्या मुक्तिसैनिकांच्या कॅम्पात दाखल झालेले. त्यांच्या पाठीमागे रझाकारांनी आमची कडब्याची गंज पेटवली होती. पुढे पिकल्या वयात दादा गेले तेही मुक्तिदिनाच्याच दिवशी, असे आमच्या घरात अभिमानाने सांगितले जाई. मी खडू घेतला आणि माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात त्या मोकळ्या ओळीवर दादांचे नाव लिहून मोकळी झाले.

संध्याकाळी गुरुजी आले. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटले, न विचारता लिहिले म्हणून आता बोलणी बसणार. त्यांनी एवढेच विचारले, "तारीख पक्की?" मी म्हटले, "घरचीच आहे, गुरुजी." त्यांनी मान हलवली, खिशातून खडू काढला आणि माझी वेडीवाकडी अक्षरे एकेक करून नीट गिरवली. दादांचे नाव त्या संध्याकाळी फार देखणे दिसले. पुढच्या वर्षीपासून सतरा तारखेला ते नाव गुरुजी आपणहून लिहू लागले.

ती ओळ विसरून राहिलेली नव्हती, हे मला कळायला आणखी तीन वर्षे जावी लागली. शब-ए-बरातीला त्यांच्या घरून माझ्यासाठी हरभऱ्याच्या डाळीचा हलवा येई. तुपाने डबा आतून ओशट झालेला आणि झाकण उघडताच वेलदोड्याचा वास सगळ्या पुस्तकांवर पसरलेला. त्या वर्षी डबा टेबलावर ठेवत ते सहज म्हणाले, "हा अब्बांच्या नावचा." आणि मग, आजवर कधी न बोललेला माणूस एकदा बोलू लागला की बोलतो तसे बोलत गेले. त्यांचे वडील लाडलेसाहेब. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरत, कापूस पिंजून गाद्या भरून देत. ज्या सप्टेंबरात इकडे तोफा आल्या आणि झेंडे लागले, त्याच दिवसांत ते कुठल्याशा गावी कामाला म्हणून गेले आणि परत आले नाहीत. ते दिवसच तसे होते. कुणाचा राग कुणावर निघाला याचा जाब पुढे कुणी कुणाला विचारला नाही. गुरुजी तेव्हा रांगत होते. धनुकली तेवढी कुणीतरी चार-आठ दिवसांनी दारात आणून ठेवली, तिची ताणलेली दोरी, तात, शाबूत होती. ते गेले तो दिवस सतरा होता, अठरा होता की त्यानंतरचा, हे त्यांच्या आईला अखेरपर्यंत कळले नाही.

"तुमच्यात ज्यांची तिथी म्हाईत न्हाय त्यांना सर्वपित्री अमावस्या असती की," ते म्हणाले, "तशी आमाला ही रात. तारीख न्हाय म्हणून कुणी उपाशी ऱ्हात न्हाय, मॅडम."

मी विचारले, मग त्या ओळीवर त्यांचे नाव का नाही लिहिले? तर त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "तारीख कुठं पक्की हाय? आन बोर्ड समद्यांचा, त्याच्यावर आपल्या घरचं कशाला?" ते अगदी साधेपणाने म्हणाले. त्यांना टोमणा मारता येत नसे, म्हणूनच तो मला इतका लागला. मी हलव्याचा डबा झाकून बाजूला ठेवला. ज्या ओळीवर बापाचे नाव लिहायला त्यांच्या स्वतःच्या नियमाने त्यांना मनाई केली होती, आणि दुसऱ्या कुणाचे लिहायला मन धजले नव्हते, ती ओळ मी माझ्या घरच्या अभिमानाने भरून टाकली होती. पण तेव्हा मी काही केले नाही. दादांचे नाव पुसायचे तरी कसे, त्यांची तारीख पक्की होती! अशी पुढची वर्षेही गेली.

यंदा उन्हाळ्यात गावाकडे वारसनोंदीसाठी दादांचा मृत्यूचा दाखला काढावा लागला. त्यावर एकोणीस सप्टेंबर होते. मी तो दाखला दोनदा उलटून पाहिला, जणू मागच्या बाजूला खुलासा लिहिलेला असणार. शेवटी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "व्हय की, एकोणीसलाच गेले दादा. सतराला झेंडावंदनाला नेलं होतं, तितंच चक्कर आली, मग उठलेच न्हाईत. तेराव्याला भाषण करणारे सतरा सतरा म्हणायले, मग आपुनबी तेच म्हणाय लागलो. वाईट का दिसतंय?" वाईट दिसत नव्हते, हेच तर दुखणे होते. थोर माणसाला साजेशी तारीख आम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमाने त्यांना घातली होती, वरातीच्या नवरदेवाला मागून आणलेला शेला घालतात तशी. आणि जिथे एका बापाला जागा मिळाली नव्हती तिथे ती वर्षानुवर्षे मिरवली होती.

गुरुजींचा हात वर्षभरापासून थरथरतो. आता ते दाराशी खुर्चीत बसून सांगतात आणि फळा मी लिहिते. दाखल्याची हकिकत मी त्यांना सांगितली तेव्हा मला लाज वाटत होती आणि ते मात्र ठसका लागेपर्यंत हसले. "म्हणजे तुमचे दादाबी एक जूनचेच निघाले!" हसणे ओसरल्यावर मी मनातले बोलून टाकले. म्हटले, दादांना मी एकोणीसला नेते, त्यांच्या खऱ्या जागी. सतराची ओळ मोकळी झाली आहे, तिच्यावर तुमच्या वडिलांचे नाव लिहू. त्यांचा चेहरा एकदम शाळेतल्या मास्तरांसारखा झाला. "कंच्या पुस्तकात हाय?" त्यांनी विचारले.  मी चिडून म्हणाले, "इतकी वर्षं खोटी तारीख चालली, गुरुजी, आणि नसलेली चालत नाही?" ते रस्ता बघत राहिले.

सतरा तारखेची सकाळ लखलखीत उजाडली. तहसीलसमोर झेंडावंदन झाले, शाळांच्या रांगा घोषणा देत परतल्या, रस्त्यावर पोरांच्या हातून गळलेल्या साखरफुटाण्यांना मुंग्या लागल्या. मी फळा लिहिला होता. चौकट काढली, तिरंगा जमेल तसा काढला, घटना लिहिल्या, जन्म लिहिले. 'मृत्यू' एवढा शब्द लिहिला आणि खाली ओळ आखून थांबले. त्या ओळीकडे पाहताना मला खरेच भीती वाटत होती, की या माणसाचे वय झाले आहे, आणि ही ओळ अशीच मोकळी ठेवून तो एक दिवस निघून जाईल.

गुरुजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. खुर्चीत बसले नाहीत. बादलीतले फडके पिळून त्यांनी फळ्याचा तो खालचा तुकडा, जो आधीच स्वच्छ होता, पुन्हा एकदा सावकाश पुसला. मग माझ्यापुढे हात केला. मी खडू दिला. उजव्या मनगटाला डाव्या हाताने आधार देऊन, प्रत्येक वेलांटीला श्वास रोखून, ते कितीतरी वेळ लिहीत राहिले. लाडलेसाहेब पिंजारी, गाद्या भरणारे. आणि त्यापुढे, जिथे इतरांच्या नावापुढे साल येते तिथे, तारीख माहीत नाही.

अक्षरे थरथरत होती. काने वाकले होते, शिरोरेषा मध्येच तुटून खाली घसरली होती. आयुष्यभर गावाला अक्षर शिकवलेल्या माणसाच्या हातून फळ्यावर आलेली ती सर्वांत कुरूप ओळ होती आणि मला रडू आवरेना. मागे कधी त्यांनी माझ्यासाठी केले होते ते आठवून मी गिरवायला खडू उचलला, तर त्यांनी हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या, मॅडम. माझी हायती ती."

दिवसभर माणसे थांबून वाचत होती. एक मुंडासेवाला म्हातारा बोट फिरवत फिरवत वाचत शेवटच्या ओळीशी आला आणि त्याने विचारले, "हे कोण म्हणायचे?" "माझे वडील," गुरुजी म्हणाले. म्हातारा 'अरे रे' म्हणाला, आणि त्याची गाडी लागलेली असूनही लगेच पळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओले फडके हातात घेऊन फळ्यासमोर नुसती उभी होते. रोज इतक्या थोरामोठ्यांना मी बिनदिक्कत पुसून टाकते, पण त्या ओळीवर हात जाईना. मागून काठीचा आवाज आला. गुरुजी खुर्चीत बसले, फळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "पुसा की," ते म्हणाले, "अठरा तारखेचे लोक खोळंबलेत. आन उद्या तुमच्या दादांची पाळी हाय."

मी पुसले. तिरंगा गेला, चौकट गेली, घटना आणि जन्म एका हातासरशी निघाले. खालची ती ओळ मात्र निघेना. फडके पुन्हा पिळून घासले, तरी काळ्यावर फिकट करडी अशी ती अक्षरे तिथेच होती, वाकल्या कान्यांसकट. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की फळा वाळल्याशिवाय ज्यांनी मला इतक्या वर्षांत एकदाही खडू लावू दिला नव्हता, त्यांनी स्वतः काल फळा पुसल्यावर वाळायची वाट पाहिली नव्हती. मी वळून पाहिले. गुरुजी निवांत रस्ता बघत होते.

मी फडके बादलीत टाकले आणि फळा वाळेपर्यंत त्यांच्या शेजारी उभी राहिले.